पाहुण्याचं माप

टेपचं पितळी टोक तिने काचेच्या डाव्या कडेशी अंगठ्याने दाबून धरलं, उजवा हात लांबवला आणि मासा थांबायची वाट पाहत उभी राहिली. मासा थांबेना. चार फुटांच्या टाकीत तो नेहमीसारखा वळायच्या बेतात दिसत होता. पुरता वळतही नव्हता आणि सरळही होत नव्हता.

"गिऱ्हाईक नीट उभं राहत नाही वाटतं," मागून नवरा म्हणाला. तो दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

"तुम्ही बोलू नका. आवाजाने बिथरतो तो."

"तुझ्या मशीनचा दिवसभर खडखडाट चालतो त्याने बिथरत नाही, आणि माझ्या एका वाक्याने बिथरतो. चांगलं आहे."

मासा क्षणभर थांबला. तिने पटकन तोंडाशी एक डोळा लावला, शेपटीशी दुसरा, आणि आकडा वाचला. एकवीस इंच. तिने मशीनवरची मापाची वही ओढली. त्या वहीत गल्लीतल्या सगळ्यांची छाती, कंबर, खांदा, बाही होती, आणि शेवटच्या पानावर वर मुलाच्या अक्षरात 'पाहुणा' असं लिहून खाली एका ओळीत आकडे उतरत गेले होते. दोन, साडेतीन, सहा, अकरा, सतरा. मग एकवीस, आणि तिथून पुढे एकवीसच एकवीस.

"दीड वर्ष झालं, सुताचाही फरक नाही," ती म्हणाली. तिला हायसं वाटलेलं लपत नव्हतं. "वाढ थांबली त्याची. मी म्हणतच होते."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सत्तावीस वर्षं पोरांचे गणवेश शिवतेय. एका वयानंतर पँटची दुमड उसवायला कुणी आणत नाही. तेव्हा समजायचं, आता एवढाच राहणार."

नवऱ्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरात कुठेही लिफ्ट अडकली की त्याचा फोन वाजायचा, आणि हत्यारांची पिशवी खांद्याला मारून तो निघायचा. बोलायचा कमी, पण बोलला की नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायचा.

"लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की पाच मिनिटं हसतो," तो म्हणाला. "दहाव्या मिनिटाला दार बडवायला लागतो. मी बाहेरून ओरडून सांगतो, हवा भरपूर आहे, काही होत नाही. हवा असते खरंच. तरी माणूस रडतो."

"मग?"

"मग काही नाही. हा सहा वर्षं आत आहे, एवढंच म्हटलं."

तिने टेप बोटांभोवती गुंडाळायला घेतला. नवरा उठला, पण गेला नाही.

"परवा कागदाच्या गिरणीत मालाची लिफ्ट बंद पडली होती. मागे मोठं तळं आहे. यंत्रांचं गरम पाणी थंड करायला त्यात सोडतात, त्यामुळे बारा महिने कोमट असतं. तिथे एक माणूस आहे. लोकांच्या टाक्यांत मावेनासे झालेले मासे ठेवून घेतो. आपल्या पाहुण्याच्या जातीचे दोन आहेत त्याच्याकडे. माझ्या कमरेला लागतील एवढे झालेत."

"मासा पोराचा आहे. त्याला न विचारता कसा द्यायचा?"

"मग विचार की. रविवारी बोलतेसच."

टेप गुंडाळून झाला होता, तरी बोटं फिरतच राहिली. नवऱ्याने ते पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

मासा मुलाचा होता. सतरा वर्षांचा असताना एका दुपारी तो प्लास्टिकच्या पिशवीत बोटाच्या दोन पेरांएवढा चंदेरी जीव घेऊन आला, आणि आईने भुवया उंचावताच म्हणाला, मित्राचा आहे, आठवडाभर पाहुणा म्हणून राहील. तो मित्र कोण हे कधी कळलं नाही, आणि पाहुण्याने जो मुक्काम ठोकला तो ठोकलाच. दुकानदाराने मुलाला छातीठोकपणे सांगितलं होतं, मासा टाकीच्या मापानेच वाढतो. तिलाही ते पटलं. आहे त्या कापडात कपडा बसवण्यात जिचा जन्म गेला तिला ते पटणारच. पाहुण्याला मात्र हे कुणी सांगितलेलं नव्हतं. वर्षाच्या आत पहिली टाकी अपुरी पडली. मग ही चार फुटांची आली. नवऱ्याने लोखंडाचा उंच घोडा वेल्ड करून घेतला. खाली तिच्या तयार कपड्यांचे दोन कप्पे, वर टाकी. एकदा पाहुणा उडी मारून थेट इस्त्रीच्या टेबलावर येऊन पडला, तेव्हापासून टाकीवर लाकडी झाकण आलं आणि झाकणावर जुनी, बंद पडलेली जडशीळ इस्त्री. खाणं टाकायला आणि पाणी बदलायची नळी घालायला झाकणाला तळहाताएवढं भोक ठेवलं होतं. ती मुळातच बुटकी. त्या भोकाशी हात न्यायलाही तिला टाचा उंच कराव्या लागत.

एकोणिसाव्या वर्षी मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. भांडून गेला नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. पहिल्या वर्षी दोनदा घरी आला, दुसऱ्या वर्षी एकदा, मग सुटी मिळत नाही म्हणाला. रविवारी दुपारी बारा वाजता त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तो मात्र चुकला नाही. आधी नवराही शेजारी खुर्ची ओढून बसायचा. पण जेवलास का, काम कसं चाललंय, तब्येत बरी आहे ना, एवढं झालं की दोन मिनिटांत सगळं आटपायचं, आणि मग तिघंही आपापल्या चौकटीत घसा खाकरत बसायची. हळूहळू नवऱ्याला रविवारी बारा वाजताच दुकानातून काहीतरी आणायचं आठवायला लागलं.

आणि मग तिथेच, सगळं बोलणं संपल्यावर, मुलगा म्हणायचा:

"आई, पाहुण्याला दाखव ना."

सगळ्या फोनमध्ये त्याने आपणहून बोललेलं एवढं एकच वाक्य असायचं. फोनचा कॅमेरा उलटा करायचं बटण त्याने तिला दोनदा शिकवलं होतं. तिच्या डोक्यात ते शिरलं नाही. ती सरळ फोनचं तोंडच टाकीकडे फिरवून धरायची. तिला दिसायची फोनची पाठ आणि काचेपलीकडचा मासा. पण पलीकडे मुलगा आणि मासा समोरासमोर आहेत, हे तिला ठाऊक असायचं. तो गप्प असायचा. दहा मिनिटं, कधी पंधरा. मधूनच "हं" म्हणायचा, "मस्त" म्हणायचा. त्याच्या खुर्चीची करकर, कुठेतरी ठेवलेल्या कपाचा आवाज, त्याचा श्वाससुद्धा तिला ऐकू यायचा. हात भरून यायचा, तरी ती खाली घ्यायची नाही. आठवडाभरात पोराला एवढी निवांत दहा मिनिटं मिळतात आणि ती तो आपल्या घरात घालवतो, हे तिला पुरेसं होतं. खरं सांगायचं तर ती आठवडाभर त्यावरच जगायची.

मासा गेला की हे जाणार. नवऱ्याला ते कळत होतं, म्हणूनच तो दार ओढून निघून गेला होता.

त्या रविवारीही तिने विचारलं नाही. जेवलास का झालं, काम कसं आहे झालं, बाबा कुठे आहेत झालं. मग त्याने म्हटलं आणि तिने फोन फिरवला. पाहुणा काचेच्या कोपऱ्याशी होता. त्याच्या नाकाडावरचं साल कधीचं गेलं होतं; तिथे पांढुरका चट्टा पडला होता आणि तो चट्टा कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ती हल्ली फोन जरा शेपटीकडे धरायची.

तेवढ्यात दार वाजलं. गणवेश न्यायला कुणीतरी आलं होतं आणि दार जरा जोरातच वाजलं. पाहुणा बिथरला. त्या जातीचे मासे असतातच भित्रे. त्याने एकदम उसळी घेतली, टाकीच्या दुसऱ्या टोकावर थाडकन आपटला, उलटा फिरला आणि परत पहिल्या टोकावर आपटला. पाण्यात लाल धागा सुटला.

तिने फोन झटकन भिंतीकडे वळवला. भिंतीवर खिळ्यांना शिवून झालेले सहा गणवेश ओळीने लटकत होते. ती तशीच उभी राहिली. आता तो विचारणार, काय झालं, आवाज कसला, मासा का नाही दाखवत. काय सांगायचं ते ती जुळवू लागली. पाहुणा तळाशी जाऊन आडवा पडला, मग कल्ले हलवत हळूहळू वर आला. या सगळ्यात दोन-तीन मिनिटं गेली असतील. तिने फोन पुन्हा टाकीकडे केला.

"मस्त," मुलगा म्हणाला.

तिच्या जिवात जीव आला. त्याला दिसलं असणार. न दिसायला काय झालं? पण आईला ओशाळं वाटू नये म्हणून बोलला नाही. पोरगा समजूतदार आहे, तिने मनाशी म्हटलं, आणि नेमकं त्यामुळे तिला जास्तच लाज वाटली.

नवरा परत आला तेव्हा ती टाकीसमोर स्टुलावर बसली होती.

"तुमच्या त्या तळ्यावरच्या माणसाला बोलवा," ती म्हणाली.

"विचारलंस?"

"नंतर सांगेन. तुम्ही बोलवा."

तळेवाल्याने फोनवरच काय काय लागेल ते सांगितलं. मोठा टब तो आणणार होता. जाळं वापरायचं नाही. या माशाला खवले नसतात, कातडी सोलवटते. कापडाची झोळी हवी, मऊ आणि ओली, दोन्ही लांब बाजूंना दांडे जातील असे नेफे ठेवून शिवलेली. घरी शिवणारं कुणी आहे का, असं त्याने विचारलं तेव्हा नवऱ्याला त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच हसू आलं.

तिने मांजरपाट काढला, दोनदा धुऊन त्याची खळ घालवली, आणि शुक्रवारी सगळी गिऱ्हाइकं बाजूला सारून झोळी बेतायला बसली. मासा एकवीस इंच, दोन्हीकडे वीतभर जास्त. रुंदीला पोटाचा घेर आणि वर चार बोटं. नेफ्याला तिने दुहेरी टीप मारली. कडा आत वळवून हाताने तुरपल्या, एक दोरा कुठे लागू नये म्हणून. लग्नाच्या कपड्यालाही तिने कधी एवढा जीव लावला नव्हता. मशीन थांबलं की पाहुणा काचेशी येऊन उभा राहायचा, ही त्याची जुनी सवय. तो आला की ती मान वर करून म्हणायची, "तुझंच चाललंय." दोनदा तिने असं म्हटलं आणि तिसऱ्यांदा तिला म्हणवेना.

शनिवारी सकाळी तळेवाला आला. उंच, वाळका माणूस, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, हातांना पाण्याच्या सुरकुत्या. आल्या आल्या त्याने टाकी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. झोळी हातात घेऊन मात्र त्याने उलटसुलट करून बघितली.

"काम झकास आहे, ताई. अशी झोळी मला कुणी दिली नव्हती आजपर्यंत."

नवऱ्याने इस्त्री उतरवली. झाकण उचललं. तळेवाल्याने पाहुण्याच्या अंगाखालून हळूच झोळी सरकवली, दांड्यांची दोन टोकं नवऱ्याच्या हातात दिली, दोन आपण धरली आणि दोघांनी ती वर उचलली. पाणी ओघळलं. पण मासा झोळीत बसेना. मधेच एका कुशीवर कलंडत होता, पाठीचा उंचवटा एका बाजूच्या कापडाला ताण देत होता, आणि डोकं आणि शेपूट दुसऱ्या बाजूला चढत होतं.

"खाली घ्या, खाली घ्या," तळेवाला म्हणाला. त्याने पुन्हा वाकून टाकीत पाहिलं. मग तिला म्हणाला, "सरळ माशाची झोळी शिवलीत तुम्ही."

"म्हणजे?"

"इकडे या. वरून बघा."

तिने स्टूल ओढलं आणि त्यावर चढली. सहा वर्षांत तिने पाहुण्याला वरून पाहिलं नव्हतं. तो पाण्यात स्थिर होता. वळत नव्हता, वळायच्या बेतातही नव्हता. मानेपासून शेपटीपर्यंत त्याची पाठ विळ्यासारखी डावीकडे वाकलेली होती आणि तशीच घट्ट झाली होती.

"टाकी सव्वा फूट रुंद," तळेवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता. रोज तेच बघणाऱ्या माणसाचा कंटाळा होता. "एवढ्या माशाला यात वळायचं तर असंच वाकून वळावं लागणार. दिवसातून हजार वेळा. मग कधीतरी हाड तसंच राहतं. टेप आहे का?"

तिने गळ्यातला टेप काढून दिला. त्याने तो पाण्यात बुडवला आणि पाहुण्याच्या पाठीवर, वाकाला धरून, नाकापासून शेपटीपर्यंत लावला.

"सव्वीस."

तिने स्टुलावरूनच टेपकडे पाहिलं. आकडा बरोबर होता. माप अंगावर टेप टेकवून घ्यायचं, हवेत धरून नाही. समोरून घेतलं की पाठीमागून पुन्हा बघायचं. माणूस सरळ उभा आहे की खांदा पाडून उभा आहे, ते आधी पाहायचं. शिवण शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिने पहिल्या दिवशी हेच बजावलं होतं. आणि घरातल्या या एका जिवाचं माप ती सहा वर्षं काचेच्या बाहेरून घेत आली. तो वाढत होता तेवढा वाकत होता, आणि ती वहीत एकवीस लिहून निश्चिंत होत होती.

"सरळ होईल का?" तिने विचारलं.

"हाड आहे, ताई. उसवून पुन्हा शिवता नाही येत."

"किती दिवसांचा असेल हा वाक?"

"दिवसांचा कसला? वर्षाचा, दीड वर्षाचा असेल. तेव्हाच आणला असतात तर एवढं झालं नसतं." मग तिचा चेहरा पाहून तो जरा मवाळ झाला. "जगेल तो. माझ्याकडे याच्याहून वाईट आलेले आहेत."

झोळीच्या मधोमध एका बाजूचं कापड तिने कात्रीने कापलं आणि तिथे वहीच्या आकाराचा जोड लावला. पाच मिनिटांत कच्ची टीप घालून दिली, वेडीवाकडी, कडा न दुमडता. त्यात पाहुणा बरोबर बसला.

तळ्यावर ती गेली नाही. नवरा टब धरून टेम्पोत मागे बसला. तो दुपारी आला, ओल्या पँटने, आणि न जेवता खुर्चीत टेकला.

"सोडला," तो म्हणाला. "आधी काठाशीच राहिला. चार फूट जायचा आणि वळायचा. मग जरा लांब गेला."

"बरा आहे ना?"

"बरा आहे." त्याने ओली पँट गुडघ्यावर पिळली. "डावीकडेच वळतो फक्त. उजवीकडे वळताच येत नाही त्याला."

तिने ताट वाढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. दोघंही जेवली नाहीत म्हटलं तरी चालेल.

टाकी तशीच होती. दिवा जळत होता, पंप बुडबुडे सोडत होता. बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. रात्रीपासून सकाळपर्यंत ती मुलाला काय सांगायचं ते घोळवत होती. सगळं सांगायचं, ठरलं. नाकाचं सांगायचं, वाकाचं सांगायचं, वहीतल्या एकवीसचं सांगायचं. तो चिडेल. मला न विचारता दिलास, म्हणेल. मागच्या रविवारी रक्त दिसलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं, असंही म्हणेल कदाचित. बोल म्हणावं, हवं तेवढं बोल. तो रागावला तर निदान त्यावर काही बोलता येईल. तळ्यावर जाऊन बघून ये, म्हणता येईल. त्यासाठी सुटी काढेलसुद्धा. एवढं मनात आल्यावर तिला थोडं बरं वाटलं. तिने केस नीट केले, ती फोनसमोर बसली. नवरा आज दुकानात गेला नाही. तो आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, मुलाला दिसणार नाही असा.

बारा वाजता फोन आला.

"जेवलास?"

"हो, आत्ताच."

"काम?"

"चालू आहे. आई, पाहुण्याला दाखव ना."

बोलण्यापेक्षा दाखवावं, तिला वाटलं. रिकामी टाकी दिसली की तोच विचारेल. तिने फोनचं तोंड फिरवलं आणि काचेसमोर धरलं. आत नुसतं पाणी होतं, दिव्याने हिरवट दिसणारं, आणि एका कोपऱ्यात बुडबुडे. ती थांबली. त्याचा आवाज येण्याची वाट पाहत तिने खांदे आवळून घेतले.

खुर्ची करकरली. कसली तरी टकटक चालू होती. एक मिनिट गेलं असेल, कदाचित जास्तच.

"मस्त," मुलगा म्हणाला.

तिला वाटलं, फोन अडकला असेल. चित्र पोचलं नसेल. तिने फोन तसाच धरून ठेवला. बुडबुडे वर जात होते. मग तिने एक गोष्ट केली जी चार वर्षांत कधी केली नव्हती. तिने फोन हळूच आपल्याकडे फिरवला.

पडद्यावर मुलगा होता, एका बाजूने दिसणारा. त्याचं तोंड डावीकडे होतं. तिकडे दुसरा एखादा मोठा पडदा असावा, कारण त्याचा निळा उजेड त्याच्या गालावर हलत होता. दोन्ही हात त्याच्या पुढ्यात कशावर तरी भराभर चालत होते. फोन त्याने बाजूला कशाला तरी टेकवून ठेवला होता, आणि तो तिथे आहे याची त्याला आठवणही नव्हती. आता त्या फोनवर माशाच्या जागी आईचा चेहरा होता. तो वळला असता तर दिसला असता.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. चिडायला ती विसरली. खांदे रुंद झाले होते, इंचभर तरी. मान पुढे आली होती. शर्ट विकतचा होता आणि पाठीत ओढला जात होता. तसाच बसत असणार रोज, तासन्‌तास. याच्यासाठी, तिला वाटलं. या दहा मिनिटांसाठी मी त्या मुक्या जिवाला दीड वर्ष तिथे वाकवत ठेवलं. आणि इथे बघायला कुणी नव्हतंच. फोन धरलेला तिचा हात मात्र हलला नाही. त्याला सवय होती.

"मोठा झालाय ना?" मुलाने विचारलं, मान न वळवता.

"हो," ती म्हणाली. "सव्वीस इंच."

"वा."

टकटक चालूच होती. ती पाहत होती. एवढा वेळ, एवढं जवळून, तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. समोरून बोलताना तो सारखा इकडेतिकडे बघायचा. असा स्थिर कधी नसायचा. कानामागे वस्तरा लागल्याची बारीक खूण होती. उजव्या बाहीचं बटण तुटलं होतं.

"चल आई, ठेवतो. खायला घाल त्याला नीट."

"घालते."

त्याचा हात आंधळ्यासारखा चाचपडत पडद्याकडे आला, बोट मोठं मोठं झालं आणि पडदा काळा झाला.

नवरा चौकटीतून पुढे आला.

"सांगितलंस?"

"दाखवलं."

"मग? काय म्हणाला?"

"मस्त म्हणाला."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. त्याला सगळं ऐकू आलंच होतं. विचारून झाल्यावर त्याने विचारायला नको होतं असा चेहरा केला. मग तो टाकीपाशी गेला, वाकून भिंतीवरच्या दोन बटणांपैकी पंपाचं बटण त्याने बंद केलं. बुडबुडे थांबले. दुसऱ्या बटणाकडे त्याचा हात गेला.

"दिवा राहू द्या," ती म्हणाली. मापाची वही उघडून ती मुलाच्या पानावर खांद्याचा आकडा लिहीत होती. "रविवारी लागेल."